फ्यूज का उडत होता?

घरातला फ्यूज उडाला की आपण कुरकुर करतो, नवी तार घालतो आणि विसरून जातो. तो का उडाला याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या किरणोपचार केंद्रात थेरॅक-२० नावाचे यंत्र होते. शिकाऊ विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली, की आठवड्यातून दोन-तीनदा त्याचे फ्यूज उडत. मग कित्येक महिने सारे ठीक चाले. या कटकटीचा अर्थ कळला तो १९८६ साली, याच घराण्यातल्या दुसऱ्या यंत्रामुळे.

ते यंत्र म्हणजे कॅनडात तयार झालेले थेरॅक-२५. कर्करोगाच्या गाठीवर ते कधी इलेक्ट्रॉनांचा झोत सोडी, तर कधी क्ष-किरण. क्ष-किरण मिळविण्यासाठी सुमारे शंभरपट तीव्र झोत धातूच्या लक्ष्यावर आदळावा लागतो. हे लक्ष्य एका फिरत्या तबकडीवर बसविलेले असे. समजा, झोत तीव्र आहे आणि लक्ष्य मात्र वाटेत नाही. तर काय होईल? तो सरळ रोग्याच्या अंगावर येईल. थेरॅक-२० मध्ये असे होऊ नये म्हणून स्वतंत्र विद्युत्‌मंडले आणि यांत्रिक अटकाव होते. नव्या यंत्रात हे काम संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर, सोपविले गेले. जुन्या आज्ञावलीचे काही भागही तसेच उचलले गेले. इतकी वर्षे चाललेली आज्ञावली, तिच्यात काय चूक असणार!

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर येथे यंत्रचालिकेने इलेक्ट्रॉनांऐवजी चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले. लगेच वर जाऊन तिने ते दुरुस्त केले. यंत्रातील चुंबक जुळविण्यास सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण आज्ञावलीच्या एका भागाला तिचा पत्ताच लागत नसे. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढेच उमटले. तीन आठवड्यांनी तेथेच पुन्हा तसे घडले. दोन्ही रोगी त्या अतिमात्रेने दगावले. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि ती चालिका यांनी चिकाटीने तीच बटणे भराभर दाबून पाहिली, तेव्हा कारण सापडले.

शिकागोचे कोडेही मग सुटले. नवखे विद्यार्थी माहिती चुकतमाकत भरीत, मागे जाऊन बदलीत. तीच चूक थेरॅक-२० मध्येही होती! तेथे फ्यूज उडे आणि रोगी वाचे. आज्ञावली निर्दोष नव्हती. फ्यूज तिचा दोष झाकीत होता.

दुसरी चूक जानेवारी १९८७ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथील अपघातानंतर कळली. ती तुम्ही कागदावर पडताळू शकाल. तबकडीची जागा तपासायची की नाही, हे एका बाइटमधील आकड्यावरून ठरे. आकडा शून्य नसेल तर तपासणी व्हायची. यंत्राची तयारी चालू असताना प्रत्येक फेरीला त्या आकड्यात १ मिळविला जाई. पण एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडे मावतात. २५५ मध्ये १ मिळविला की पुन्हा शून्य! म्हणजे दर २५६ व्या फेरीला तपासणी गळायची. नेमक्या त्याच क्षणी चालकाने बटण दाबले, तर तबकडी चुकीच्या जागी असूनही झोत सुटे. दोन बाइट घेतले असते तर? तीच गोष्ट ६५,५३६ व्या फेरीला घडली असती. चूक अधिक दुर्मिळ, म्हणून शोधायला अधिक अवघड. खरा उपाय अगदी साधा होता : १ मिळविण्याऐवजी दर वेळी शून्याखेरीज एखादा ठरावीक आकडा लिहायचा.

१९८५ ते १९८७ या काळात असे सहा अपघात झाले. टायलरच्या घटनांनंतर उत्पादकांनी प्रथम सुचविलेला उपाय ऐकून हसावे की रडावे कळत नाही : वर जाण्याच्या बटणाची टोपी काढून त्यावर चिकटपट्टी लावा! पुढे अमेरिकी शासनाच्या आग्रहामुळे आज्ञावली सुधारली गेली. शिवाय तबकडीची जागा मोजणारे साधन बसविले आणि अतितीव्र झोताच्या एका स्पंदातच यंत्र बंद पाडणारे स्वतंत्र मंडलही आले. हे मंडल संगणकाला विचारीत नसे.