दोन घासांत पोट तट्ट

सोने, आईपुढे बोलले नाही, पण भाकरी कुस्करून वाटीखाली सरकवलेली मी पाहिली. श्रावणी सोमवार वैजनाथाचा, तो अख्खी परळी धरते. पण तुझ्या मंगळवारला, गुरुवारला, शनिवारला साबुदाणासुद्धा चालत नाही, हा कुठला गं देव? पाळी थांबलीय, तेही माझ्या लक्षात आलंय.

‘ताई, खरंच भूक नाही, दोन घासांत पोट तट्ट होतं,’ म्हणतेस. आई म्हणते नाटकं, काकू म्हणते दृष्ट लागली. माझा तुझ्यावर विश्वास आहे. पोट खरंच तट्ट होतं.

पोट रिकामं राहिलं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूकडे जेवण मागतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधलं. आता गंमत बघ, गंमत कसली म्हणा! अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या धास्तीने खाणं तुटण्याचा आजार, झालेल्यांच्या रक्तात घ्रेलिन कमी नसतं, उलट वाढलेलं असतं. शरीर मागतच असतं, मेंदू दाद देत नाही. त्यात ‘पुरे झालं’ सांगणारं आतड्यातलं पीवायवाय हे संप्रेरक. उपाशी माणसात ते कमी हवं, तर काही अभ्यासांत जास्तच सापडलंय. शिवाय उपासमारीने जठराची चाल मंदावते, खाल्लेलं तासन्‌तास रेंगाळतं. मग फुगणार नाही तर काय? तट्ट वाटतं म्हणून तू खात नाहीस, आणि खात नाहीस म्हणून तट्ट वाटतं.

हे सगळं पोटातूनच सुरू होतं, असं मात्र नाही. ‘जाड दिसते’ ही धास्ती मनातली, तिच्यावर उपचार वेगळे. पण २०१९ मध्ये जवळपास १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात या आजाराचं नातं चयापचयाशीही निघालं. तेव्हा ‘नाटकं’ म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठव.

भुकेचा काटा बिघडलाय, तर घड्याळाचा बघून खायचं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. सुरुवातीला पोट कुरकुरेल, फुगेल. नेमाने खात राहिलीस की काही आठवड्यांत जठर चालायला लागतं, वजन सावरलं की घ्रेलिनही उतरतं. मात्र माझं ऐकून एकदम ताट भरून बसू नकोस. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदयावर बेततं. म्हणून किती खायचं ते डॉक्टर ठरवतील.

अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. बुधवारी जाऊ. रक्त तपासतील, ईसीजी काढतील. लोक काय म्हणतील याचा घोर मला लाव, आईशीही मीच बोलते. मध्ये फारच घालमेल झाली तर टेली-मानसचा १४४१६ लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि चक्कर आली, छातीत धडधडलं, तर बुधवार बघायचा नाही. रात्री दोनला का असेना, मला उठव, तशीच गाडी करून निघू.