हळदीचा डबा कपाटात

अगं, कांदा चिरायला घेण्याआधी हळदीचा डबा कपाटात ठेवून दे. सवयीने हात जातो. माझा गेला होता. अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी पॉटलकला पिवळीधमक 'व्हाइट चिकन चिली' घेऊन गेले. लोकांनी करी समजून आवडीने खाल्ली, मी मात्र दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. या चिलीत लाल तिखट नाही, टोमॅटो नाही, गरम मसालाही नाही.

सहा जणांना पाऊण किलो चिकन थाय पुरतं. ब्रेस्ट घेऊ नकोस, चोथा होतो. कांदा काचेसारखा झाला की पुरे, लाल केलास की रंग गेलाच. मग लसूण, दोन चमचे जिरेपूड, थोडा ओरेगानो. ओरेगानो संपला असेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाल; वास एका घराण्यातला आहे, कुणाला कळत नाही. भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा छोटा डबा मिळतो, पण तू डॅलसला आहेस. ऑगस्ट-सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या हॅचच्या मिरच्या दुकानाबाहेरच पिंपात भाजून देतात. त्या घे, सोल, पुड्या करून फ्रीजरमध्ये टाक.

बीन्स ग्रेट नॉर्दर्न किंवा कॅनेलिनी. डब्यातले शिजलेलेच असतात, दोन डबे धुऊन घे. सुके घेतलेस तर रात्रभर भिजव आणि आपल्या कुकरला लाव. भिजवलेले कच्चे बीन्स सरळ स्लो कुकरमध्ये कधीही टाकायचे नाहीत. राजम्याच्या जातीत एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळत्या उकळीनेच जातं, आणि स्लो कुकरची आच तिथवर पोचेलच असं नाही. उलट्या-जुलाबांनी रात्र जाते.

लिटरभर चिकन स्टॉकमध्ये सगळं मंद शिजव, चिकन काढून काट्याने पिंज. रस्सा दाट करायला पीठ लावू नकोस. वाटीभर बीन्स डावाने घोट, आमटी घोटतो तशी.

आता खरी मेख. तुझी आजी कोल्हापूरची. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध पडलं की ती चुलीपासून हलायची नाही, उकळी फुटू द्यायची नाही. इथेही तेच. क्रीम चीजची अर्धी वडी तासभर आधी फ्रीजमधून काढून ठेव, तुकडे कर, आच अगदी बारीक करून विरघळव. मग गॅस बंद. अर्धी वाटी सावर क्रीममध्ये आधी दोन डाव गरम रस्सा घालून फेट, आणि ते मिश्रण पातेल्यात ओत. थंड क्रीम थेट ओतलंस की कढी फुटते तसं फुटतं. 'लो फॅट'वालं तर हमखास. लिंबू पातेल्यात पिळू नकोस, ज्याचं त्याने ताटात पिळावं. कोथिंबीर मात्र सढळ हाताने.

अर्धी चिली फ्रीजरमध्ये ठेवायची असेल तर क्रीम घालण्याआधीच काढून घे. उरलेली दुसऱ्या दिवशी घट्ट होते, तेव्हा थोडा स्टॉक घालून मंद गरम कर. मायक्रोवेव्हमध्ये खदखदवू नकोस.

आणि एक. टेक्सासने १९७७ साली चिलीला राज्याचा पदार्थ म्हणून मान दिला. तिथल्या जुन्या माणसांच्या मते ती लाल, मांसाची, बीन्सशिवायचीच. कुणी म्हणालंच, ही चिली नव्हे, तर वाद घालू नकोस. सूप म्हण आणि वाढ.