पिकअपची पाच चाके : मोठे टायर निवडताना घ्यावयाची काळजी

शेतमालाच्या वाहतुकीत पिकअप गाडीने आज महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. जुन्नर तालुक्यातील टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यावयाचा असो, की निफाड तालुक्यातील कांदा लासलगावच्या बाजार समितीत पोहोचवावयाचा असो, बांधापासून बाजारापर्यंतचा प्रवास पुष्कळदा याच गाडीतून होतो. या प्रवासाचा पहिला टप्पा मात्र डांबरी सडकेचा नसतो. चाकोरी पडलेली पाणंद, ओढ्याचा उतार, खडी उखडलेला रस्ता यांतून भरलेली गाडी बाहेर काढावी लागते. गाडीचे पोट दगडास घासते, चाक चिखलात जागच्या जागी फिरते. अशा वेळी मूळ टायरपेक्षा मोठे, खोल नक्षीचे व सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारे टायर बसवावेत, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येतो. बाजारात या टायरांना 'ऑल टेरेन' टायर असे म्हणतात.

हा विचार गैर नाही. परंतु टायर घेताना एक गोष्ट बहुधा दृष्टिआड होते. चार नवे मोठे टायर बसविले जातात आणि पाचवे चाक, म्हणजे स्टेपनी, जुन्याच मापाची राहते. ही चूक त्या दिवशी कळत नाही. ती कळते रात्रीच्या वेळी, घाटात, गाडीत नाशवंत माल भरलेला असताना. म्हणून टायरची निवड चार चाकांची नसून पाच चाकांची आहे, हे सूत्र प्रथमपासून ध्यानात ठेवावे.

टायरवरील अंक कसे वाचावेत

टायरच्या कडेवर त्याचे माप छापलेले असते. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ हे माप घेऊ. यातील २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे. 'आर' हे अक्षर टायर रेडियल बांधणीचा असल्याचे दर्शविते, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत आहे. काही पिकअप गाड्यांच्या टायरवर ७.०० आर १५ असेही माप आढळते. त्यात पहिला अंक रुंदीचा असून तो इंचांत असतो.

आता व्यासाचा हिशेब करू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. २१५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. ही उंची रिमच्या वर एकदा व खाली एकदा येते. म्हणून टायरचा एकूण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर होतो. याच रिमवर २३५/७५ आर १५ हा मोठा टायर बसविल्यास व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होईल. व्यास ३० मिलिमीटरने, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. परंतु गाडी तेवढी उचलली जात नाही, कारण आसापासून जमिनीपर्यंत केवळ अर्धा व्यास असतो. गाडीचे पोट वर उचलले जाते ते १५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका बोटाएवढे.

मोठ्या टायरने काय मिळते व काय जाते

एक बोट उंची, थोडी अधिक रुंदी आणि खड्ड्यातून चाक वर येण्यास थोडी सुलभता हा लाभ झाला. त्याबदली द्यावी लागणारी किंमतही पाहिली पाहिजे.

चाक मोठे झाले की इंजिनाची जमिनीवरील ओढ त्याच प्रमाणात कमी होते. वरील उदाहरणात ती सुमारे ४ टक्क्यांनी घटते. भरलेली गाडी घाट चढताना हा फरक जाणवतो आणि खालच्या गिअरचा वापर वाढतो. ब्रेकलाही मोठे व जड चाक थांबविण्यास अधिक श्रम पडतात. वेग दाखविणारा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. काटा ६० वर असता गाडीचा खरा वेग सुमारे साडेबासष्ट किलोमीटर असतो.

मोठा टायर मडगार्डास घासतो की नाही हेही पाहावे. ही परीक्षा रिकाम्या गाडीवर घेऊन उपयोग नाही. गाडी नेहमीइतकी भरावी, सुकाणू प्रथम एका बाजूस व नंतर दुसऱ्या बाजूस पूर्ण वळवावे, आणि टायर व मडगार्ड यांमध्ये तसेच टायर व पाटे यांमध्ये हात सहज जातो की नाही ते पाहावे. खड्ड्यात पाटे आणखी दबतात, हे येथे विसरू नये.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. म्हणून त्या नमुन्याच्या गाडीसाठी निर्मात्याने जी मापे मान्य केली असतील, त्यांतूनच निवड करणे इष्ट होय. ही मापे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असतात.

भाराचा अंक

मापाच्या पुढे आणखी एक अंक व एक अक्षर असते. हा अंक एका टायरने वाहावयाचा कमाल भार सांगतो. १०० या अंकाचा अर्थ ८०० किलो, १०४ चा ९०० किलो, १०९ चा १,०३० किलो आणि ११२ चा १,१२० किलो असा आहे. अक्षर वेगाची मर्यादा दर्शविते.

समजा, माल भरल्यावर गाडीच्या मागील आसावर १,८०० किलो भार येतो. तर प्रत्येक मागील टायरवर ९०० किलो भार येईल आणि १०४ पेक्षा कमी अंकाचा टायर तेथे चालणार नाही. एकच माप निरनिराळ्या भारांकांत मिळते. रुंद टायर म्हणजे बळकट टायर, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे. माणसे नेणाऱ्या गाडीसाठी केलेला रुंद व देखणा टायर मालाच्या गाडीस अपुरा पडू शकतो. नव्या टायरचा भारांक मूळ टायरच्या भारांकापेक्षा कमी असता कामा नये.

छापलेला भार योग्य हवा असतानाच वाहता येतो. हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. कमी हवेचा टायर भाराखाली वारंवार दुमडतो, तापतो आणि शेवटी फुटतो.

नक्षी आणि जमीन

ऑल टेरेन टायरची नक्षी सडकेच्या टायरपेक्षा खोल व मोकळी असते. मुरमाड रस्ता, जांभ्याची खडी, वाळूचा ओढा, ओले गवत अशा ठिकाणी ती चांगली पकड देते. डांबरी सडकेवर मात्र असा टायर अधिक आवाज करतो व इंधनही काहीसे अधिक लागते.

मराठवाडा व विदर्भातील काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे. ही जमीन भिजली की चिकट चिखल नक्षीच्या खाचांत गच्च बसतो आणि खोल नक्षीचा टायरही गुळगुळीत टायरप्रमाणे घसरतो. अशा दिवसांत गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करावी आणि माल बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने तेथवर आणावा. टायर कितीही मोठा घेतला तरी भिजलेली काळी जमीन त्यास दाद देत नाही.

स्टेपनी जुळती का हवी

बैलगाडीच्या एका चाकाची धाव मोठी व दुसऱ्याची लहान असे जाणता सुतार कधी करीत नाही. गाडी एका अंगास कलेल, हे त्यास ठाऊक असते. पिकअपच्या बाबतीत कारण याहूनही गंभीर आहे.

बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांस मिळते. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक व आतल्या चाकास कमी फिरता यावे, हे त्याचे काम. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके सारखी फिरतात व त्यातील लहान दातेरी चक्रांना विसावा मिळतो. आता एका बाजूस ७३३ व दुसऱ्या बाजूस ७०३ मिलिमीटर व्यासाचे चाक असल्यास काय होईल? मोठे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४३४ फेरे घेईल आणि लहान चाक सुमारे ४५२. दर किलोमीटरला १८ फेऱ्यांची ही तफावत डिफरन्शियलला सतत सोसावी लागते. भरलेल्या गाडीत ते तापते व झिजते. गाडी चारही चाकांना शक्ती देणारी असेल आणि कठीण सडकेवर ती सोय चालू ठेवली, तर पुढचा व मागचा आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात व मोठी मोडतोड संभवते. शिवाय ब्रेक मारताच गाडी एका बाजूस ओढते.

म्हणून स्टेपनीचे माप, बांधणी व भारांक इतर चार टायरांप्रमाणेच असावा. रिमची रुंदी व नटांची भोकेही जुळली पाहिजेत. चार चाकांना नव्या प्रकारचे रिम बसविले असतील, तर त्यांचे नट लोखंडी रिमच्या स्टेपनीस चालतातच असे नाही. जुने नट टाकून न देता अवजारांच्या पेटीत ठेवावेत.

मोठी स्टेपनी बसेल कोठे, हाही प्रश्न आहे. अनेक गाड्यांत ती हौद्याच्या खाली टांगलेली असते. ती आस, धूर सोडणारी नळी किंवा जमीन यांच्या फार जवळ येत असेल, तर ते माप त्या गाडीस योग्य नाही असे समजावे. टायर विकत घेण्यापूर्वीच टेपने ही जागा मोजावी.

पाच मोठ्या टायरांची ऐपत नसेल तर काय करावे? मूळ मापातच ऑल टेरेन नक्षीचे चार टायर घ्यावेत आणि जुन्या चारांपैकी सर्वांत चांगला टायर स्टेपनीस ठेवावा. माप तेच असल्यामुळे झिजेपुरता थोडा फरक राहील, परंतु अडचणीच्या वेळी तो मुक्कामापर्यंत नेईल. एका बोटाच्या उंचीपेक्षा ही सोय बहुतेक शेतकऱ्यांस अधिक हिताची ठरेल.

लहान स्टेपनीच जवळ असेल तर

पंक्चर मागील चाकास झाले असल्यास आणि शक्ती मागील आसावर येत असल्यास, पुढचे एक चाक काढून मागे लावावे व लहान स्टेपनी पुढे बसवावी. दोन वेळा जॅक लावावा लागेल, परंतु डिफरन्शियल वाचेल. चाक उचलण्यापूर्वी दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगडाची उटी द्यावी. भार शक्य तेवढा कमी करावा, गाडी हळू चालवावी आणि जवळच्या गावी टायर दुरुस्त करून चाके पूर्ववत करावीत. घाट उतरताना तर विशेष जपावे.

गावपातळीवरील प्रात्यक्षिक

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा विषय तोंडी सांगून थांबू नये. गावातील एखादी पिकअप चावडीसमोर उभी करून पुढील पाच गोष्टी शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्याव्यात.

१. एका सुतळीने मागील टायरचा घेर मोजावा व सुतळीला गाठ मारावी. तीच सुतळी स्टेपनीभोवती धरावी. वरील दोन मापांत घेराचा फरक सुमारे साडेनऊ सेंटीमीटर येतो व तो सर्वांना डोळ्यांनी दिसतो.

२. पाचही टायरांवरील माप व भारांक मोठ्याने वाचून एका कागदावर लिहावेत.

३. टायरच्या कडेवरील चार अंकी शिक्का शोधावा. २३२४ असा शिक्का असल्यास तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. स्टेपनी न वापरताही जुनी होते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरू नये, असा सल्ला अनेक टायर-उत्पादक देतात.

४. नक्षीची खोली पाहावी. १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोली उरलेला टायर नियमाप्रमाणे रस्त्यावर चालविता येत नाही. नक्षीच्या खाचेत झीज दाखविणारे लहान उंचवटे असतात. पृष्ठभाग त्यांच्याशी सपाट झाला की टायर बदलावा.

५. स्टेपनी प्रत्यक्ष खाली उतरवावी. चिखल व गंज यांमुळे तिची साखळी किंवा बोल्ट अडकलेला असल्यास तेथेच तेल घालून मोकळा करावा. हवा मागील चाकाच्या भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या प्रमाणाएवढी भरावी, म्हणजे गरज पडताच ती कोठेही लावता येईल.

ही तपासणी महिन्यातून एकदा घरच्या घरी करता येते व तिला अर्धा तास पुरतो. टोमॅटोचा भाव दिवसागणिक बदलतो आणि रस्त्यात अडकलेला माल वाट पाहत नाही. हंगामभर केलेले कष्ट शेवटच्या काही मैलांत वाया जाऊ नयेत, यासाठी टायर घेताना हौद्याखालचे पाचवे चाक प्रथम पाहावे आणि मगच उरलेल्या चारांचा विचार करावा.