लस दिली, तरी जुलाब?

प्रश्न : नातवाला रोटाचे तिन्ही डोस दिले, तरी थंडीत जुलाब लागले. लस वाया गेली का? – एक आजी, इनामगाव

उत्तर : नाही, आजी. जुलाब पूर्ण थांबवण्यापेक्षा सलाईनची वेळ टाळणं, हे या लसीचं खरं काम. तो धोका ती साधारण निम्म्यावर आणते. शिवाय सगळे जुलाब रोटा विषाणूचे नसतात. त्यातच रोटा मोठा बहुरूपी! त्याची जनुकं ११ तुकड्यांत असतात. एकाच पोटात दोन वाण शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊन नवे वाण तयार होतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला रुग्णांच्या नमुन्यांत रोटाचे जी१, जी२, जी९, जी१२ असे प्रकार सापडले आहेत. पुन्हा जुलाब झाले तर लिटरभर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट, आणि १४ दिवस झिंक. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर तडक दवाखाना गाठा.