रोजचे सोळा किलोमीटर



लांबचा पायी प्रवास म्हटला की वाटते, बापरे, हे आपले काम नव्हे! म्हणून मी दोन मोठ्या पदयात्रांचे गणित पाटीवर मांडून पाहिले.

पहिली यात्रा गांधीजींची. १२ मार्च १९३० रोजी ते साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, दिवस २४. तेव्हा त्यांचे वय ६० वर्षांचे होते.

दुसरी यात्रा विनोबांची. मार्च १९५१ मध्ये ते आपल्या पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनासाठी पायी निघाले. अंतर ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर. लागला साधारण एक महिना.

आता भागाकार करा. ३८५ भागिले २४, आणि ४८० भागिले ३०. दोन्हींचे उत्तर जवळजवळ सोळाच येते!

सोळा किलोमीटर म्हणजे किती? वर्ध्याहून सेवाग्रामला जाऊन परत यायचे, एवढेच. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी स्वतः वर्ध्याहून तिथे पायीच गेले होते. तेव्हा त्या गावाचे नाव सेगाव होते.

माणूस तासाला सुमारे ४ किलोमीटर चालतो. म्हणजे सोळाला चार तास. पहाटे पाचला निघाले तर नऊला मुक्काम. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून पहाटेच निघावे. विनोबाही अंधारातच निघत.

आमचे आबाजी म्हणतात, "पायाले सवय लागली का रस्ता लहान होते." म्हणून आधी दोन-तीन किलोमीटरची सवय करावी. मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये. चपला-बूट नवे कोरे नकोत, फोड येतात. पाणी, डोक्याला दुपट्टा, भाकर-चटणी आणि गूळ-शेंगदाणे पुरेत. ओझे जितके कमी तितके बरे. सडकेने जाताना समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने, एका रांगेत चालावे.

कोणी म्हणेल, मोटार असताना पायी कशाला? ऐका तर. संमेलन आटोपल्यावर विनोबा तेलंगणात गावोगाव पायी हिंडले. १८ एप्रिल १९५१ रोजी ते पोचमपल्लीत होते. तिथल्या भूमिहीन लोकांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारले, कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. १२ सप्टेंबर १९५१ ला विनोबा पवनारहून पुन्हा निघाले, ते १० एप्रिल १९६४ ला परत आले. मिळालेली सगळी जमीन गरिबांपर्यंत पोचली नाही, हेही खरे. पण पायी जाणारा माणूस गावात थांबतो, बसतो, लोकांचे दुःख ऐकतो. भरधाव मोटारीतून ते कसे ऐकू येणार?

आता शेवटचे गणित तुमच्यासाठी. एका मुलीचे घर शाळेपासून १ किलोमीटर आहे. ती रोज पायी येते-जाते. शाळा वर्षात २०० दिवस भरते. तर ती किती चालली?

उत्तर : ४०० किलोमीटर. म्हणजे दांडीच्याही पुढे!