आधी टाका ओळखा, मग आग लावा

कापडाच्या व्यापारात आमची तीस वर्षे गेली. शेरवानीच्या कापडाबरोबर गिऱ्हाईक चांदीची बटणेही विचारते आणि जुनी बटणे दुरुस्तीलाही आमच्याच दुकानात ठेवून जाते. आम्ही ती कारागिराकडे पोहोचवतो. काही वर्षांपूर्वी एका बुजुर्ग गिऱ्हाइकाने आपल्या मरहूम वडिलांची बटणे आणली. एका बटणाच्या पाठीमागची कडी वाकडी बसली होती, ती सोडवून सरळ बसवायची होती. कारागिराने थेट गॅसची ज्योत धरली. कडी निघाली, पण बटणाच्या पाठीला खड्डे पडून तिची चाळण झाली. पूर्वी कोणीतरी तेथे शिशाची झाळ लावली होती. चांदीचे दाम आम्ही भरून दिले, परंतु वडिलांची निशाणी कोठून भरून देणार? त्या नुकसानीतून आम्ही जे शिकलो, ते आज आमच्या कारागीर व व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

असे का झाले? शिसे ३२७ अंशांवर आणि कथील २३२ अंशांवर वितळते. शुद्ध चांदीला मात्र ९६१ अंश लागतात. म्हणून पुष्कळांना वाटते की चांदीला धोका नाही. प्रत्यक्षात वितळलेले शिसे-कथील तापलेल्या चांदीत शिरते आणि तिला खाऊ लागते. जेथे ते शिरले, तेथील चांदी फारच कमी उष्णतेवर विरघळते. बटण लाल होईपर्यंत तापवले की खड्डा पडलाच म्हणून समजा.

म्हणून पहिले काम ओळखण्याचे. जोड घासून स्वच्छ करावा व भिंगातून पाहावा. करडा रंग असेल आणि सुईच्या टोकाने सहज ओरखडा उठत असेल, तर ती शिसे-कथलाची झाळ होय. रंग पांढरा व अंग कठीण असेल, तर तो चांदीचा टाका.

झाळ शिशाची असल्यास फुंकणी दूर ठेवावी. जोडाला थोडी राळ लावून तापलेल्या डागणीने किंवा अगदी लहान ज्योतीने हलकेच ऊब द्यावी. साधारण दोनशे अंशांच्या आसपास झाळ पातळ होते. त्याच वेळी कडी चिमट्याने उचलावी. उरलेली झाळ रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात त्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घ्यावी आणि शेवटचा अंश खरवडून काढावा. करड्या रंगाचा ठिपकाही उरला असेल, तर त्यावर चांदीचा टाका मारू नये. शिशाच्या कामानंतर हात धुतल्याशिवाय अन्नाला हात लावू नये.

टाका चांदीचा असल्यास रीत निराळी. हे टाके बहुधा ६५० ते ७८० अंशांच्या दरम्यान वितळतात आणि ९२५ कसाची चांदी ८०० च्या आसपासच वितळू लागते. म्हणजे चुकायला जागा फारच थोडी. मोती, पोवळे, फिरोजा असल्यास ते आधी काढून घ्यावेत. आत लाख भरलेली असेल किंवा वर मीना असेल, तर हे काम हाती न घेता जोड बारीक करवतीने कापणेच बरे. बटण पोकळ असेल, तर हवेला वाट आहे ना हे पाहावे; नाहीतर ते फुटते. ज्या जोडांना हात लावायचा नाही, त्यांवर गेरूचा ओला लेप द्यावा व तो वाळू द्यावा. सोडवायच्या जोडाला टाकणखार, म्हणजे सुहागा, लावावा. जुन्या टाक्यातील जस्त थोडेफार उडून गेलेले असते, त्यामुळे तो हट्टी होतो. तेथे नव्या टाक्याचा बारीक तुकडा ठेवल्यास तो लवकर पाझरतो. आधी जाड भाग तापवावा, मग जोडाकडे यावे. टाका चकाकला की चिमट्याने हलकेच ओढावे, जोर करू नये. निवल्यावर पातळ तेजाबात साफ करावे. तेजाब नेहमी पाण्यात घालावे, तेजाबात पाणी कधीही घालू नये. चिमटा तांब्याचा वापरावा. लोखंडी चिमट्याने चांदीवर तांबूस थर चढतो.

जुन्या टाक्यांत कॅडमियमही असू शकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. म्हणून बंद खोलीत हे काम करू नये. खिडकी उघडी ठेवावी आणि धूर ओढणारा पंखा लावावा.

शेवटी व्यापारी बांधवांना एक विनंती. माल घेताना गिऱ्हाइकासमोर वजन करावे, चिठ्ठीवर लिहावे आणि धोका कोणता आहे ते आधीच सांगावे. पूर्वी दुरुस्ती झाली होती का, हेही विचारावे. आम्ही त्या दिवशी एवढे विचारले असते, तर ते बटण वाचले असते. दुरुस्तीला आलेली वस्तू ही आपल्याकडे अमानत असते. ती जशी आली त्याहून चांगली परत जावी, यातच हुन्नराची इज्जत आणि धंद्याची बरकत आहे.