घाट चढल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो

प्रश्न : माझी महिंद्रा कमांडर जुनी आहे. अक्कलकुव्याहून घाट चढून मोलगीला पोहोचलो की स्लोवर ऑइलचा दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. सकाळी थंड इंजिनावर काही नाही. इंजिन खोलावे लागेल का?

उत्तर : लगेच नको. आधी डिपस्टिक पाहा. ऑइल न भरताही पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरते आहे. असे पातळ ऑइल दाब धरत नाही. तसे नसेल तर प्रेशर स्विच काढून तिथे साधा गेज लावा, तोही इंजिन घाटातून तापून आलेले असतानाच. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, हा जुना ठोकताळा. गेजवर दाब ठीक दिसला तर दोष स्विचचा किंवा वायरचा. खरोखर कमी असेल, तर चेंबर उतरवून जाळी, पंप आणि बेअरिंग तपासून घ्या. तुमच्या वर्णनावरून मला बेअरिंगच्या झिजेचाच संशय जास्त आहे.

जाड ऑइल घालून दिवा विझवायला कोणी सांगेल. ऐकू नका, झीज झाकली जाते, थांबत नाही. आणि चालत्या गाडीत दिवा लागून राहिला, तर सुरक्षित जागी थांबून लगेच इंजिन बंद करा.